भिंतीवरचं जुनं वेळापत्रक

बस स्थानकाच्या चौकशीच्या खिडकीला एक काच होती, काचेला हाताचा पंजा जाईल एवढं गोल भोक होतं, आणि त्या भोकामागे बसण्यात एका माणसाची सगळी नोकरी सरली. त्याचं खरं नाव पाळीच्या तक्त्यावर लिहिलेलं असे, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नाही. सहकारी त्याला भोंगा म्हणत. एका वर्षी स्थानकावरचा लाउडस्पीकर बिघडला आणि तो दुरुस्त होईपर्यंत याने खिडकीशेजारच्या दारात उभं राहून नुसत्या गळ्यावर गाड्या पुकारल्या. शेवटच्या फलाटावर बोचक्यावर डोकं टेकून झोपलेला माणूससुद्धा दचकून उठायचा आणि आपली गाडी धरायचा. स्पीकर दुरुस्त झाला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

खिडकीवर बसायचे दोन नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते. थोरल्या कारकुनांनी याला पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितले होते.

“हे बघ, खिडकीत बसून ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. एकदा म्हटलंस की रांग अंगावर आलीच म्हणून समज. गाडी नसली तरी चालेल, उत्तर पाहिजे.”

“आणि खरंच माहीत नसलं तर?”

“तर म्हणायचं, निघालीय, येतेय. गाडी आज ना उद्या कुठून तरी निघालेलीच असते.”

तो हे शिकला. चांगलंच शिकला. गाडीचा पत्ता नसला, डेपोतला फोन कुणी उचलत नसला, तरी तो मान वर न करता ठणठणीत आवाजात सांगे, “निघालीय. येतेय.” मग बाहेर काय होई ते त्याला काचेतून दिसायचं. बाईच्या कपाळावरची आठी सुटायची. ती सामान खाली ठेवायची, पोराला मांडीवर घ्यायची, डबा उघडायची. आपण काहीतरी चांगलं केलं असं त्याला वाटायचं. यात लबाडी आहे असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण उशिरा का होईना गाडी यायचीच, आणि आल्यावर त्याचं उत्तर खरं ठरायचं.

दुसरा नियम वेळापत्रकाचा. नवं वेळापत्रक आलं की जुनं त्याच दिवशी उतरवायचं. नुसतं त्याच्यावर नवं चिकटवायचं नाही. जुनं ओल्या फडक्याने भिजवून, कालथ्याने खरवडून, फाडून टाकायचं आणि मगच नवं लावायचं. भिंतीवर जुनं वेळापत्रक राहिलं आणि कुणी त्यावर विसंबून गाडी चुकवली, तर साहेब खिडकीवाल्याला उभा-आडवा घ्यायचे. त्यामुळे हे काम तो कुणावर सोपवत नसे. स्टुलावर चढून स्वतः खरवडायचा. भिंतीवर जे आहे ते आजचं आहे, हे त्याच्या हाडीमाशी इतकं खिळलं होतं की त्याचा विचार करायची त्याला कधी गरजच पडली नाही.

निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, आवाज घरी आला. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तळमजल्यावर त्याची थोरली बहीण एकटी राहायची. तिला सगळी इमारत अक्का म्हणायची. अक्काचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं लांब नोकरीला होती. लहानपणी आई आजारी असताना याला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत फरफटत नेण्यापर्यंत सगळं अक्कानेच केलेलं. नोकरीतलं टोपणनाव कळल्यावर तिला कोण आनंद झाला होता! “भोंग्या, अरे हे तर मी तुझ्या बारशालाच ठेवायला हवं होतं,” असं म्हणून तिने ते जे उचललं ते कायमचं.

मुलाने त्याला मोबाइल आणून दिला आणि इमारतीला नवी चौकशीची खिडकी मिळाली. पाणी किती वाजता जाणार, दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, मुलाच्या दाखल्यासाठी कुठल्या कचेरीत जायचं, कोबीला कीड लागली तर काय फवारायचं. लोक जिन्यातच विचारायचे, “चौकशीकाका, जरा बघता का?” काका खिशातून मोबाइल काढायचे, शोधायचे, सगळ्यात वर जे येईल ते वाचायचे आणि त्याच जुन्या आवाजात सांगून मोकळे व्हायचे.

“अहो, नीट बघून तरी सांगा,” बायको म्हणायची.

“बघूनच सांगतोय. लिहिलंय इथे.”

“लिहिलंय म्हणजे झालं का?”

“मग काय! लिहिलेलं खोटं असतं होय?”

बायको पुन्हा कामाला लागायची. तिलाही ते नक्की सांगता आलं नसतं.

मग अक्काच्या गोळीचं प्रकरण झालं.

अक्काला रक्तदाबाची गोळी चालू होती. उन्हाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. एका सकाळी तिने गोळ्यांची पट्टी त्याच्यापुढे धरली. “भोंग्या, हिच्यामुळे तर नसेल रे? बघ की तुझ्या त्या डबीत.” त्याने गोळीचं नाव टाकून शोधलं. वरच बातमी होती: ही गोळी कंपनीने बाजारातून परत मागवली, रुग्णांनी घेऊ नये. ठळक अक्षरांत. त्याने पट्टी बाजूला सारली. पण आवाज नेहमीसारखाच निघाला.

“बंद कर. आजपासून बंद. परत मागवलीय ती.”

“डॉक्टरांना विचारू?”

“विचार निवांत. पण घेऊ नकोस.”

त्या आवाजापुढे अक्का कशाला शंका काढते? आयुष्यभर तिने त्या आवाजावर गाड्या पकडल्या होत्या. तिने गोळी बंद केली, आणि डॉक्टरांना विचारायचं निवांतच राहिलं. थोड्याच दिवसांत ओट्याजवळ तिला भोवळ आली. वाटेत स्टूल होतं, तेही तिला दिसलं नाही. पडली आणि मनगट मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला आणि त्यांचा चेहरा बदलला. “गोळी घेत नव्हतात?”

“नव्हते.”

“का? कुणी सांगितलं बंद करायला?”

तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने तोंड उघडलं.

“कुणी कशाला सांगतंय?” अक्का म्हणाली. “मीच विसरले. वय झालं की आता.”

एवढं बोलून तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. न पाहण्यातच सगळं होतं. शेवटच्या फलाटावरच्या माणसाला उठवणारा गळा, त्यातून त्या खोलीत चकार शब्द निघाला नाही.

त्या दिवसापासून भोंगा बंद पडला. कुणी जिन्यात काही विचारलं तर तो “बघा बुवा” म्हणायचा आणि घरात शिरायचा. मोबाइल कपाटावर जाऊन बसला. आज पाऊस येईल का असं बायकोने विचारलं तरी तो खिडकीतून आभाळाकडे बघायचा आणि “कुणास ठाऊक” म्हणायचा. सुरुवातीला बायकोला बरं वाटलं, जरा शांतता मिळाली. मग त्या शांततेचीच तिला धास्ती वाटायला लागली.

अक्काचं प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण दुसरंच गाऱ्हाणं पुढे आलं. दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा तर पूर्ण पिकलाय, शस्त्रक्रिया लवकर करून घ्या, नाहीतर पुन्हा पडाल. अक्काने “बरं” म्हटलं आणि घरी आल्यावर त्याला बोलावून घेतलं.

“करू का रे?”

“डॉक्टर सांगतायत ना?”

“डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात. तू सांग.”

“मी कोण सांगणार, अक्का?”

“कोण म्हणजे? तू ‘कर’ म्हण, मी करते. ‘नको’ म्हण, नाही करत. पण त्या खिडकीतल्या आवाजात सांग. हे असं मांजरासारखं पुटपुटू नकोस.”

“बघू” म्हणून तो उठला. असं एकदा नाही, अनेकदा झालं. अक्का विचारायची, तो “बघू” म्हणायचा. इकडे अक्काची नजर आणखी मंदावत चालली होती. गॅसच्या एका ज्योतीच्या जागी तिला दोन दिसायच्या. एकदा तिने चहात साखर म्हणून मीठ घातलं आणि तो त्याने मुकाट्याने प्यायला. बोटाला चटका बसला की ती पदराआड हात लपवायची. हे त्याला दिसत होतं. ‘कर’ म्हणायची छाती होत नव्हती, आणि न म्हणण्याने ती रोज थोडी थोडी पडायच्या जवळ जात होती.

बायकोने एके दिवशी त्याच्यापुढे वाचनालयातलं पत्रक ठेवलं. ‘माहिती कशी शोधावी, कशी पारखावी. वर्ग. प्रवेश सर्वांना.’

“या वयात वर्ग?”

“घरात बसून छताच्या तुळया मोजताय, त्यापेक्षा बरा.”

वर्ग वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा. चार संगणक, एक लांब टेबल, आणि प्रत्येक फेरीला टक् असा आवाज करणारा पंखा. शिकवायला तिथल्याच ग्रंथपालबाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि तो डोळ्यांवर असतानाही त्या टेबलावर चाचपून शोधायच्या. त्याच्या शेजारी कोपऱ्यावरच्या दुकानातला शिंपी बसला होता. तो गळ्यातली टेप न काढताच आला होता.

बाईंनी आधी एकेक कागद वाटला. “ही परीक्षा नाही हं. तुम्हाला किती येतं ते मला मोजायचं नाही. येतं असं तुम्हाला स्वतःला किती वाटतं, ते मोजायचंय. आज एकदा आणि वर्ग संपल्यावर एकदा.”

कागदावर वाक्यं होती. ‘मला हवी ती माहिती मला शोधता येते.’ ‘माहिती विश्वासार्ह आहे की नाही हे मला ओळखता येतं.’ अशीच आणखी काही. प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकटी: अजिबात खात्री नाही इथपासून पूर्ण खात्री आहे इथपर्यंत.

शिंप्याने वाक्यं वाचायच्या भानगडीत न पडता उजवीकडच्या चौकटींवर सरळ वरून खाली खुणा केल्या, टिपा मारल्यासारख्या.

“वाचलं तरी का?” बाईंनी विचारलं.

“बाई, खात्री नसती तर कात्री हातात धरली असती का मी?”

सगळे हसले. तो हसला नाही. त्याने डावीकडच्या पहिल्या चौकटींवर खुणा केल्या. तशाच, एकाखाली एक. शेवटच्या वाक्यापाशी मात्र हात थांबला. ‘मी शोधलेली माहिती दुसऱ्याला सांगताना मला खात्री वाटते.’ पेन्सिलीचं टोक कागदात रुतलं, पण खूण काही उमटली नाही.

“काका, एक राहिलं.”

“राहू द्या.”

“मोकळं चालत नाही हो. माझं गणित बिघडतं.”

“मग तुम्हीच भरा.”

“तुमची खात्री मी कशी भरू?” बाई हसून म्हणाल्या, पण त्याचा चेहरा बघून त्यांनी कागद तसाच घेतला.

वर्गात पहिल्यांदा बाईंनी तीन प्रश्न फळ्यावर लिहिले. कोण म्हणतंय? केव्हाचं आहे? कुणाबद्दल आहे? “काहीही वाचलं की आधी हे तीन विचारायचे.” त्याने ते बघितले आणि त्याला नवल वाटलं. हे तर तो खिडकीवर रोज करायचा. एखादा माणूस धावत येऊन ‘मागची गाडी बंद पडली’ म्हणाला, की तो विचारायचा, तू कोण, कधी बघितलीस, कुठली गाडी? तोंडी बातमीला तो कधी फसला नाही. फसला तो छापील अक्षराला.

दुसऱ्या वेळी त्याने धीर करून बाईंना विचारलं, “एक गोष्ट शोधून दाखवाल? एका गोळीबद्दल आहे.” नाव सांगितलं. तीच बातमी वर आली. तीच ठळक अक्षरं. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

बाईंनी चष्मा नाकावर ढकलला. “ही कितीतरी वर्षांपूर्वीची आहे की, काका. तारीख बघा, इथे कोपऱ्यात. आणि आपल्याकडची नाहीच, परदेशातल्या एका कारखान्यातून निघालेल्या थोड्याशा मालाबद्दल आहे. इकडच्या गोळीशी तिचा काही संबंध नाही.”

त्याने पडद्याशी वाकून ती कोपऱ्यातली तारीख वाचली. मुंगीएवढी अक्षरं.

“मग ती काढली का नाही?” त्याने विचारलं.

“काय काढलं नाही?”

“जुनी बातमी. जुनी झाल्यावर काढायला नको? भिंतीवरून?”

“कुठल्या भिंतीवरून?”

“म्हणजे इथून. जुनं काढून टाकायचं काम कुणाकडे असतं?”

बाई त्याच्याकडे वळल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. “कुणाकडेच नाही, काका. जुनं-नवं सगळं इथेच असतं. एकाच जागी.”

पंखा टक् टक् करत होता. त्याला डोळ्यांपुढे स्थानकाची ती भिंत दिसली. तिच्यावर आजवरची सगळी वेळापत्रकं, एकही न खरवडलेलं, एकावर एक, शेजारी शेजारी, पार छतापर्यंत. आणि खाली हातात सामान घेतलेली अक्का. आपण कुणाच्या तरी कालथ्यावर विसंबून होतो, आणि तो कालथा हातात घेतलेला माणूसच नव्हता. अपराधी वाटायचं ते वाटतच राहिलं. पण निदान पाय नेमका कुठे घसरला ती जागा सापडली, आणि जागा सापडली की तिथून जपून जाता येतं, एवढं त्याला कळलं.

शिंप्याची गत वेगळीच झाली. तो गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं एक युक्ती सांगत आला होता: अमुक भुकटी पाण्यात टाका, कपड्याचा रंग जन्मात जाणार नाही. मोबाइलवर वाचलेली. बाईंनी ‘कोण म्हणतंय’ ते शोधायला लावलं, तर ते पान भुकटी विकणाऱ्यानेच लिहिलेलं निघालं.

“म्हणजे मी इतकी वर्षं फुकटात त्याचा माल विकत फिरलो?” शिंपी म्हणाला. “पगार तरी द्यायचा मेल्याने!”

त्यानंतर तो प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यायला लागला. बाईंनी पुढच्या वर्गाची वेळ सांगितली तर म्हणाला, “हे कोण म्हणतंय?”

“मी म्हणतेय.”

“केव्हाचं आहे?”

“आत्ताचं आहे हो, बसा खाली!”

वर्ग संपला त्या दिवशी तोच कागद पुन्हा आला. या वेळी शिंप्याने चष्मा लावला, एकेक वाक्य ओठ हलवत वाचलं, आणि निमूटपणे दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीत खुणा केल्या. आपला हा पहिल्या चौकटीतून दुसऱ्या-तिसऱ्यापर्यंत आला. बाकीचे थोडे वर, थोडे खाली. बाईंनी तिथेच बसून बेरजा केल्या, पुन्हा केल्या, आणि कपाळाला हात लावला.

“काय झालं?”

“सरासरी जिथल्या तिथे! पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच आज. हे वर पाठवायचंय मला. वर्गाचा उपयोग झाला का, ते यावरून ठरवणार आहेत.”

“लिहा ना, झाला म्हणून,” शिंपी म्हणाला.

“आकडे तसं म्हणत नाहीत ना.”

तो जरा चुळबुळला. वर्गात आपणहून तो फारसा बोलत नसे. “बाई, एक गाडी इकडून सुटली, एक तिकडून. मधल्या थांब्यावर दोघी भेटल्या. नुसती बेरीज बघणाऱ्याला वाटणार, कुणी जागचं हललंच नाही.”

“खरंय,” शिंपी म्हणाला. “मी उताराला लागलो म्हणून काकांना चढता आलं.”

बाई हसल्या आणि त्यांनी प्रत्येकाच्या नावापुढे आधीचा आणि नंतरचा आकडा वेगळा मांडायला घेतला. सरासरीचा आकडाही खोडला नाही, तो तसाच ठेवला. मग त्याचा कागद वर धरला. “काका, याही वेळी तेच मोकळं.”

“ते करून बघितल्याशिवाय कसं भरू? घरी नेऊ?”

“न्या. पण परत आणा.”

तिथून तो घरी गेला नाही. दवाखान्याच्या नेत्र विभागात गेला. तिथे भिंतीला लावलेलं मोतीबिंदूचं माहितीपत्रक त्याने घेतलं आणि आधी ते उलटं करून तळाची तारीख बघितली. मग परिचारिकेपाशी गेला. “ताई, हे आत्ताचंच आहे ना? यानंतर नवं काही आलं नाही ना?”

“हेच चालू आहे, आजोबा. का?”

“काही नाही. जुनं भिंतीवर राहिलेलं असतं कधी कधी.”

दुपारी तो अक्काकडे गेला. अक्का ओट्याशी शेंगा सोलत होती, बोटांनी चाचपून. त्याने स्टूल ओढलं, चष्मा लावला, पत्रक गुडघ्यावर ठेवलं.

“हे काय, परीक्षेला बसलायस?”

“विचार काय विचारायचं ते.”

अक्काने शेंगा बाजूला सारल्या. “दुखेल?”

“डोळ्यात थेंब टाकून बधिर करतात. टोचल्यासारखं, दाबल्यासारखं वाटेल. त्याच दिवशी घरी सोडतात.” आवाज हळूहळू वर यायला लागला होता. “हे त्यांचंच लिहिलेलं आहे, आणि चालू आहे. मी विचारून आलो.”

“बरं. दिसेल?”

“बहुतेकांना चांगलं दिसतं. पडद्याचा वगैरे दुसरा काही आजार नसेल तर. तुला तो आहे की नाही, ते आधी तपासतात.”

अक्का हळूच म्हणाली, “आमच्या सासूबाईंचा डोळा गेला होता. शस्त्रक्रियेनंतरच. माझाही गेला तर?”

‘छे, काही होत नाही’ हे शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. आयुष्यभर तिथेच बसलेले. ते म्हटले असते तर अक्काच्या कपाळावरची आठी सुटली असती, तिने शेंगा परत पुढे ओढल्या असत्या. त्याने ते गिळले. पण अक्काने ज्या आवाजाची मागणी केली होती तो आवाजही आता गळ्याशी आलाच होता, आणि तो खणखणीत निघाला.

“ते मला माहीत नाही!”

दुसऱ्या मजल्यावरून बायकोने खाली डोकावलं. “अहो, काय झालं? कोण पडलं का?”

“कुणी नाही!” अक्का वर ओरडली. “भोंगा दुरुस्त झालाय!” आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. “मेल्या, ‘माहीत नाही’सुद्धा पुकारून सांगतोस? मग कुणाला माहीत आहे?”

“डॉक्टरीणबाईंना. त्यांना विचारू.”

“तू येशील?”

“येणार म्हणजे काय, मीच विचारणार.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अक्काचा डोळा यंत्रातून बघितला, पडदा तपासला, रक्तदाब मोजला. मग जुना कागद चाळून म्हणाल्या, “मागे गोळी घ्यायला विसरत होतात ना तुम्ही? आता नियमित आहे?”

“आहे,” अक्का म्हणाली. “आणि मागेही मी विसरले नव्हते हं, बाई. या शहाण्याने बंद करायला सांगितलं होतं. आता हाच प्रश्न लिहून घेऊन आलाय, बघा.”

अक्काने या वेळी त्याच्याकडे सरळ पाहिलं होतं, तेही हसून, आणि त्याच्या लक्षात आलं की ती इतके दिवस त्याला पाठीशी घालत होती, आणि आता तशी गरज उरली नाही असं तिने ठरवून टाकलंय. त्याने घसा साफ केला.

“हो. जुनी बातमी वाचून सांगितलं होतं. आता विचारतो, डॉक्टर. हिच्या सासूबाईंचा डोळा गेला होता. हिला काय धोका आहे?”

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि दोघांनाही समजावून सांगितलं. धोका शून्य नाही असं स्पष्ट सांगितलं. थोडा आहे, जंतुसंसर्गाचा. त्यासाठी काय काळजी घ्यायची तेही सांगितलं. पडदा चांगला आहे. न केलं तर उजवा डोळा जाणार हे मात्र नक्की. अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग भावाकडे न बघताच म्हणाली, “करा. पुढच्या आठवड्यात जागा आहे का?”

परत जाताना दोघं बस स्थानकावर आली. त्याचंच जुनं स्थानक. फलाटावरच्या बाकावर टेकल्यावर त्याने खिशातून बाईंचा कागद काढला, शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि मधल्या चौकटीत खूण केली.

“काय भरतोयस?”

“मी शोधलेलं दुसऱ्याला सांगताना मला किती खात्री वाटते, ते.”

“किती वाटते?”

“मधली.”

“मधलीच का रे?”

“तुझा डोळा बरा होऊ दे. मग एक घर पुढे सरकवू.”

“आणि नाही झाला तर?”

“तर एक घर मागे. पेन्सिलच आहे.”

अक्का हसली आणि फलाटाच्या टोकाकडे डोळे बारीक करून बघायला लागली. तिला काही दिसत नव्हतं. “गाडी का येईना अजून? जा बरं, विचारून ये.”

तो चौकशीच्या खिडकीपाशी गेला. काच तीच, भोकही तेच. आत एक तरुण मुलगी बसली होती. तिने कानाचा फोन खाली ठेवला. त्या फोनवर पलीकडून कुणी बोललेलं नव्हतं, हे त्याला काचेबाहेरूनही कळलं.

“ताई, आमची गाडी?”

मुलीने मान वर न करता ठणठणीत आवाजात सांगितलं, “निघालीय. येतेय.”

तो मिशीत हसला. परत येऊन अक्काच्या शेजारी बसला आणि तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

“काय म्हणाली?”

“येतेय म्हणाली.”

“आणि खरंच येतेय का?”

“ते तिला माहीत नाही.”

“मग रे?”

“मग काय, तू आरामात बस. मी उभा राहून बघतो.”